पोटात पाय, पायात पोर

आमच्या सांगलीला समुद्र नाही. कृष्णामाई अधूनमधून ती उणीव भरून काढते, पण ती घरात शिरताना शंख-शिंपले आणत नाही, शेजाऱ्यांचे पत्र्याचे डबे आणते. त्यामुळे समुद्रातली गोगलगाय हा विषय माझ्या आयुष्यात साठी उलटल्यावर आला. तोही कुठे, तर आफ्रिकेच्या पार पश्चिम टोकाला, सेनेगलच्या राजधानीत डाकारला, लेकीच्या ओट्यावर, कांद्याच्या टोपलीशेजारी.

जावईबापूंची नोकरी तिथली. "बाबा, तीन महिने निवांत या," असं ते आग्रहाने म्हणाले. निवांतपणा मला सोसत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर मी ३१ वर्षं काढली आहेत. समोर काहीही आलं की माझ्या मनात आपोआप रकाने पडतात: पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, नावात दुरुस्ती असल्यास सोबत प्रतिज्ञापत्र. मोकळ्या हवेत सूर्यास्त बघतानासुद्धा मला वेळ लिहून घ्यावीशी वाटते.

पहिल्याच आठवड्यात लेकीने आम्हाला सुंबेजूनच्या मासळीबाजारात नेलं. तिथे संध्याकाळी समुद्रावरून पिरोग परततात. पिरोग म्हणजे लांबच लांब लाकडी होड्या, आणि त्यांचं रंगकाम आपल्याकडच्या ट्रकवाल्यांनी बघावं असं. मी होड्या बघत होतो, सौभाग्यवती मासे बघत होती. तिचं माहेर चिपळूण. बाजारात शिरली की तिची चालच बदलते; फौजदार गस्तीला निघाल्यासारखी ती प्रत्येक टोपलीपाशी थांबून डोळे आणि कल्ले तपासते. एका कोपऱ्यात एक बाई सुरीने कवचातून काहीतरी उपसून काढत होती आणि रिकामी कवचं बाजूला भिरकावत होती. त्यातलं एक घरंगळत माझ्या पायाशी आलं.

आता गोगलगाय म्हटल्यावर मला पावसाळ्यात मोरीत सापडते ती आठवते. हे कवच माझ्या ओंजळीत मावेना. रंग दुधाळ चहाचा, वर वार्निश मारल्यासारखी झिलई, आणि तोंड इतकं रुंद की शेरभर तांदूळ त्यात धुवावेत.

"अगं बाई, केवढा हा भोपळा!" सौभाग्यवती म्हणाली.

मी खिशातली डायरी काढली आणि लेकीला सांगितलं, "त्यांना नाव विचार याचं."

लेकीने फ्रेंचमध्ये विचारलं. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, डायरीकडे पाहिलं, आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाली, "येट."

"पुढे?"

"पुढे काय बाबा? येट."

नुसतं येट. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. आमच्या टेबलावर असा अर्ज मी आयुष्यात घेतला नसता. कवचाचे पैसे मात्र त्या बाईने घेतले नाहीत. तिच्या लेखी मांस हा माल होता आणि कवच हा कचरा. कचऱ्याला गिऱ्हाईक मिळालं म्हणून तीच खूश होती.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे शंख वाजवून बघणं. मी ते कवच उचललं, दम भरला आणि फुंकलं. आवाज आला तो प्रेशर कुकरची शिटी नीट न बसल्यासारखा. दुसऱ्यांदा फुंकलं तेव्हा आतून चमचाभर समुद्र माझ्या तोंडात आला. आपला देवघरातला शंख निमुळता असतो, त्याचं टोक कापलेलं असतं, आत घट्ट वळणं असतात, म्हणून तो वाजतो. हे प्रकरण परातीसारखं. परात फुंकून वाजत नाही. लहानपणी गुरुजी मला वर्गात उभं करून 'शंख' म्हणत असत. गुरुजींना या प्राण्याची कल्पना नसावी, नाहीतर त्यांना आणखी नेमका शब्द सापडला असता.

रात्री जावईबापूंच्या संगणकावर शोध सुरू झाला. "मोठा समुद्री शंख, रुंद तोंड, गुळगुळीत" असं टाकल्यावर जे चित्र आलं ते हुबेहूब आमच्या पाहुण्याचं. नाव मेलो मेलो. इंग्रजीत त्याला चक्क 'इंडियन व्हॉल्यूट' म्हणतात. एका जुन्या शास्त्रज्ञाने त्याला 'इंडिका' हेही नाव दिलेलं. माझी छाती भरून आली. परक्या मुलुखात गाववाला भेटावा तसं झालं. त्या आनंदात मी झोपलो आणि सकाळी जावईबापूंनी माझी छाती पुन्हा रिकामी केली.

"बाबा, मेलो पूर्वेकडचा. आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, तिकडचा समुद्र. आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर तो नाहीच. आपला आहे तो सिम्बियम. दोघं एकाच कुळातले, म्हणून तोंडावळा सारखा. जुन्या पुस्तकांत तर दोघांनाही सिम्बियमच म्हणायचे."

म्हणजे चुलत घराणी. एक शाखा पूर्वेला गेली, एक पश्चिमेला, आणि जुन्या दप्तरात दोघांचं आडनाव एकच पडलेलं. हा घोळ मला फार ओळखीचा वाटला. पण खरी कमाल पुढेच होती. मेलोंच्या यादीत एक 'मेलो एथिओपिका' निघाला. मी म्हटलं, सापडला आफ्रिकेचा! तर तो राहायला इंडोनेशियाकडे. लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याच्या नावात एथिओपिया घातला आणि तो बिचारा तेव्हापासून ते नाव घेऊन भलत्याच महासागरात फिरतो आहे. जन्मस्थळाचा रकाना चुकीचा भरला की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला नोकरीत मिळालं नव्हतं.

तर आडनाव ठरलं: सिम्बियम. लॅटिन नावांचं एक बरं असतं, त्यांत आडनाव आधी आणि नाव नंतर येतं, आपल्या मतदार यादीसारखं. आता राहिलं नाव. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला या घराण्याच्या कितीतरी जाती आहेत. मी डायरीत त्यांची यादी केली आणि लॅटिनचे अर्थ शोधून पुढे मांडले. सिम्बियम म्हणजे होडीच्या आकाराचा पेला. त्याखाली ओल्ला, म्हणजे मडकं. कुकुमिस, म्हणजे काकडी. पेपो, म्हणजे भोपळा. ग्लान्स, म्हणजे ओकच्या झाडाचं बोंड (डॉक्टर वाचकांनी कृपया गप्प बसावं). मार्मोराटम, म्हणजे संगमरवरी. यादी ऐकून सौभाग्यवती म्हणाली, "हे शास्त्रज्ञ उपाशीपोटी नावं ठेवतात का हो?"

"पूर्वेकडच्याचं नाव मेलो, त्याचा अर्थ खरबूज," मी म्हणालो.

"बघा. आणि मी भोपळा म्हटलं तर हसलात."

मी हसलो नव्हतो. पण तिने भोपळा म्हटलं तेव्हा यादी केली नव्हती, पेपोचा अर्थ मला ठाऊक नव्हता, आणि आता ठाऊक झाल्यावर तो तिच्यासमोर वाचताना मी पेपोवरून जरा घाईने पुढे सरकलो होतो, हे खरं.

नावं कुणी, कधी, कशी ठेवली याचा शोध घेणं म्हणजे जुनी रजिस्टरं उघडणं, आणि ते काम मी जेवण विसरून करतो. यातली दोन महत्त्वाची नावं लिलावाच्या यादीतून आली आहेत! इंग्लंडमध्ये पोर्टलंडची डचेस म्हणून एक श्रीमंत बाई होती, तिला शंख-शिंपले जमवायचा भारी नाद. ती १७८५ साली वारली आणि पुढच्या वर्षी तिच्या संग्रहाचा लिलाव झाला. तो ३८ दिवस चालला. त्या लिलावाची यादी लाइटफूट नावाच्या पाद्र्याने लिहिली असं मानतात, आणि त्या यादीत आमच्या घराण्यातल्या एकाला त्याने 'पेपो' म्हटलं. सिम्बियम हे आडनाव शास्त्रात रूढ झालं तेही असंच: बोल्टेन नावाचा हॅम्बुर्गचा एक डॉक्टर वारला, त्याच्या शंखांच्या विक्रीची यादी १७९८ साली र्‍योडिंग नावाच्या गृहस्थाने छापली, त्यातून. म्हणजे एखाद्या वाड्याचं सामान विकताना वकिलाच्या कारकुनाने 'पितळी घंगाळ, नग एक' असं लिहावं आणि जगाने दोनशेहून अधिक वर्षं तोच शब्द प्रमाण मानावा. कारकुनाच्या जातीचा असा सन्मान मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

प्रमाण का, तर प्राणिशास्त्रात एक नियम आहे: जो आधी नाव ठेवील त्याचं नाव खरं. नंतर कुणी कितीही झकास नाव ठेवो, ते रद्द. या नियमाने काय काय उलथापालथ केली बघा. पेपो या नावानंतर पाचच वर्षांनी, १७९१ साली, ग्मेलिन नावाच्या जर्मन विद्वानाने त्याच जातीला 'नेपच्यूनी' हे नाव दिलं. नेपच्यून म्हणजे रोमन लोकांचा सागरदेव, हातात त्रिशूळ वगैरे. केवढं भारदस्त! पण भोपळा पाच वर्षं आधी आलेला होता. सागरदेव हरला, भोपळा जिंकला. दुसऱ्या एका जातीला ग्मेलिननेच 'ग्लान्स' म्हटलं होतं; त्यावर वीस वर्षांनी फ्रान्सच्या लामार्कने तिला हत्तीच्या सोंडेवरून नाव ठेवलं. हत्ती हरला, बोंड जिंकलं. लामार्कने आणखी एका जातीला डुकराचं नाव दिलं होतं, तिथे लिनियसचा पेला (म्हणजे सिम्बियम) आधीच हजर होता. डुक्कर परत गेलं. त्याबद्दल मात्र त्या गोगलगायीच्या वतीने मी देवाचे आभार मानले.

या सगळ्यात एका माणसाचं मला फार वाईट वाटलं. मिशेल आदान्सों. हा फ्रेंच तरुण १७४९ साली, बाविशीत, एका व्यापारी कंपनीच्या नोकरीत सेनेगलला आला आणि पाचेक वर्षं राहिला. गोरखचिंचेचं शास्त्रीय आडनाव 'आदान्सोनिया' आहे ना, ते याच्याच नावावरून. त्या काळातले बाकीचे विद्वान लॅटिनची पुटं चढवत होते. याने किनाऱ्यावरच्या माणसांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? आणि ते सांगतील ते लिहून घेतलं. माझ्याच टेबलावरचा माणूस! सेनेगलच्या शंखशिंपल्यांवरचं त्याचं पुस्तक १७५७ साली निघालं. त्यात आमचा हा प्राणी आहे, चित्रासकट, आणि नाव दिलं आहे 'येट'.

मग ते नाव का चाललं नाही? कारण प्राण्यांच्या नावांची अधिकृत नोंद सुरू होते ती १ जानेवारी १७५८ पासून. त्या वर्षी लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती आली, आणि पुढे ठरलं की तिच्याआधीची सगळी नावं बाद. आदान्सोंची बस एका वर्षाने चुकली. एका वर्षाने! माझ्या खिडकीशी अशी माणसं यायची, सगळे कागद बरोबर, फक्त तारीख मुदतीच्या अलीकडची. मी त्यांना परत पाठवत असे. डाकारला त्या रात्री मला त्यांतले दोघे-तिघे स्वप्नात आले.

उलट बाजूही ऐका. ज्या जातीच्या नावात सेनेगल आहे, ती सिम्बियम सेनेगलेन्स, तिची नोंद झाली १९७८ साली. इथल्या समुद्रात ती होतीच, लोकांच्या जाळ्यात आणि ताटात तिची कुळं मोडली होती, पण ती वेगळी आहे हे डाकारला राहून या घराण्याचा पिच्छा पुरवलेल्या मार्श-मार्शाद या फ्रेंच संशोधकाने लिहीपर्यंत कागदोपत्री ती जन्मलेलीच नव्हती. लिनियसनंतर २२० वर्षांनी दाखला. आमच्याकडे उशिराच्या नोंदीला दंड असतो.

इतकी वर्षं का लागली हे मला कवच हातात घेऊन बसल्यावर कळायला लागलं. ही भावंडं एकमेकांसारखी दिसतात. रंगावर जाऊन उपयोग नाही, एकाच जातीत तो फिका-गडद होतो. आकारमानावर जाऊन उपयोग नाही, मोठ्या जातीचं पोर लहान जातीच्या बापाएवढं असतं. ग्लान्स फूटभराच्या वर वाढतो, पण वाढायच्या आधी तोही वीतभरच असतो. बघायचं ते खांदा आणि टाळू. सिम्बियम सिम्बियमला वर सपाट ओटा असतो, त्याला धारदार कड, जणू डोक्यावर ताटली ठेवली आहे. ग्लान्सचा खांदा गोलसर आणि अंग लांबट. पेपो फुगलेला, तोंड आ वासलेलं. ओल्लाची टाळू गुंडीसारखी उघडी दिसते. ओल्ला राहतोही वर, मोरोक्कोला आणि स्पेन-पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्याला, तेव्हा डाकारच्या बाजारात तो भेटण्याची शक्यता मी सोडून दिली.

टाळू हा यातला मुख्य पुरावा. तिथे त्या प्राण्याचं बाळपण असतं. शंख टाळूपासून वाढत जातो, म्हणजे जन्मताना जेवढं कवच होतं ते तिथेच शेंड्याला राहतं, जन्मदाखला डोक्यावर चिकटवल्यासारखं. आणि सिम्बियमचा दाखला ठसठशीत असतो, कारण ही पोरं जन्मतात तीच मोठी.

हा भाग मी सौभाग्यवतीला वाचून दाखवला. एरवी समुद्रातल्या गोगलगायी अंडी घालतात, त्यांतून बारीकसारीक पिल्लं निघून पाण्याबरोबर वाहत जातात, आईला नंतर पत्तासुद्धा नसतो. येटची बाई तशी नाही. ती पोरं आपल्या पायात वाढवते. या प्राण्याचा पाय म्हणजे मांसाची एक भली मोठी लादी. त्याच्या आत पिल्लं राहतात आणि चांगलं जाडजूड कवच अंगावर आल्यावरच बाहेर पडतात. ती पोहत नाहीत, थेट चालायला लागतात. आदान्सोंने हे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहून लिहून ठेवलं आहे.

"पायात?" सौभाग्यवतीने चष्मा काढला.

"पायात."

"गोगलगाय अन् पोटात पाय, हे ऐकलं होतं. हिच्या पायात पोर?"

आपली म्हण काढणाऱ्या आजीबाईचं कौतुक वाटतं. क्युव्हिए नावाच्या मोठ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या सगळ्या वर्गाला ग्रीकमधून जे नाव दिलं, गॅस्ट्रोपोडा, त्याचा शब्दशः अर्थ 'पोट-पाय'. पॅरिसला बसून त्याने जे शोधलं ते आपल्याकडे साळसूद सुनेला टोमणा मारायला वापरून झालं होतं.

पाय एवढा मोठा की तो कवचात पूर्ण मावतच नाही. शंखातल्या पुष्कळ प्राण्यांना एक झाकण असतं. संकट आलं की आत जायचं आणि झाकण लावून घ्यायचं. येटला झाकणच नाही. दार नसलेलं घर, आणि घरात न मावणारा मालक. मुंबईला माझा चुलतभाऊ असाच राहतो. फरक इतकाच की येट स्वभावाने शिकारी आहे, वाळूतले शिंपले गाठून खातो, आणि माझा चुलतभाऊ डबा आणतो.

आता अडचण अशी की हा प्राणी मोठा होता होता अंगाबाहेरच्या मऊ पडद्याने कवचावर झिलईचे थर चढवत जातो, आणि काही जातींत ते थर थेट टाळूवर जाऊन बसतात. म्हणजे ओळख पटवायला आपण जिथे बघणार, नेमकं तेच तो झाकून टाकतो. पैसा आल्यावर लोक गावाकडचं कौलारू घर पाडून वर टाइल्स बसवतात, तसं. आमच्या कवचाची टाळू अशीच बुजलेली होती. मी बॅटरी लावून, भिंग लावून, शेवटी नखाने खरवडून पाहिली. गुळगुळीत.

मधल्या काळात कवचाचा वास हा स्वतंत्र विषय झाला होता. आत कुठेतरी वळणात मांसाचा एक तुकडा राहिला होता. गॅलरीत ठेवलं तर डाकारच्या घारी त्यावर घिरट्या घालू लागल्या. साबणाने धुतलं, लिंबू लावलं, उकळतं पाणी ओतलं. जावईबापू सभ्य माणूस, ते फक्त खिडक्या उघडत. सौभाग्यवतीला मात्र त्या वासाचं काहीच वाटेना. ती म्हणे, "सुकटीसारखा तर येतोय."

त्या वासाचं मूळ बघायला आम्ही एका रविवारी झ्वालला गेलो. डाकारहून दक्षिणेला शंभरेक किलोमीटर. सेनेगलचे पहिले अध्यक्ष आणि मोठे कवी सेंघोर याच गावचे. जाताना शहराबाहेर पडेपर्यंत रस्त्यात पांढऱ्या छोट्या बसगाड्या दिसल्या, त्यांना इथले लोक सरळ 'टाटा' म्हणतात, कारण त्या टाटाच्याच. "टाटाने ये," असं लोक एकमेकांना सांगतात. गंमत म्हणजे फ्रेंचच्या प्रभावाने इथे मावशी-आत्यालाही 'ताता' म्हणतात, त्यामुळे लेकीकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताता टाटाने येतात.

झ्वालच्या किनाऱ्यावर बायका येटचं काम करताना पाहिल्या. मांस काढायचं, चिरायचं, काही दिवस आंबायला ठेवायचं, मग धुऊन उन्हात वाळवायचं. वाळलेले तुकडे तपकिरी, काळपट, चिवट. वास असा, की माझ्यासारख्या सांगलीकराने दोन पावलं मागे सरकावं आणि चिपळूणच्या माहेरवाशिणीने दोन पावलं पुढे. ती सरळ त्या बायकांजवळ जाऊन उकिडवी बसली. एक तुकडा हातात घेतला, मोडून बघितला, हुंगला, आणि मान हलवली. समोरच्या बाईनेही मान हलवली. भाषा एकीला मराठी आणि एकीला वोलोफ. पाच मिनिटांत भाव ठरला. वोलोफमध्ये 'हो'ला 'वाव' म्हणतात, आणि सौभाग्यवती प्रत्येक गोष्टीला 'व्वा' म्हणत होती. समोरच्या बाईने ते सगळं होकार म्हणून धरलं. अर्धा किलोच्या जागी दीड किलो येट घरी आला.

शेजारी फाद्यूत नावाचं बेटच्या बेट शिंपल्यांवर उभं आहे. लाकडी पुलावरून चालत जायचं. वाटा शिंपल्यांच्या, अंगणं शिंपल्यांची. दफनभूमीसुद्धा शिंपल्यांची, आणि तिथे ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारी शेजारी विसावलेले. पिढ्यानपिढ्या लोकांनी आपल्या तिसऱ्यांसारखे शिंपले खाल्ले आणि टरफलं तिथेच टाकली. "आणि मी दोन तिसऱ्यांची टरफलं कुंडीत टाकली तर तुम्ही वास येतो म्हणता," सौभाग्यवती म्हणाली. मी काठापाशी जाऊन समुद्र बघू लागलो.

दुसऱ्या दिवशी तातांनी चेबुजेन केलं. सेनेगलचा हा राष्ट्रीय भात. २०२१ साली युनेस्कोने तो मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून यादीत घातला. तांदूळ अख्खा नाही, कण्या. टोमॅटोत शिजवलेले मासे, त्यांच्या पोटात लसूण-मिरची-कोथिंबिरीसारखं वाटण भरलेलं, कोबी, गाजर, वांगं, कसावा, चिंच. आणि या सगळ्यात वाळलेल्या येटचा एक लहानसा तुकडा. लहानसाच. आपण डाळीत हिंग घालतो त्या हिशेबाने. ज्याच्या वासाने घारी जमल्या, तो भातात गेल्यावर असा विरघळून गेला की कशाने चव आली ते सांगता येऊ नये, पण तो नसता तर काहीतरी राहिलंय हे नक्की कळलं असतं. सगळ्यांनी एकाच मोठ्या ताटाभोवती बसून खायचं. तळाची खरपूड तातांनी शेवटी खरवडून वाढली. तिला वोलोफमध्ये स्वतंत्र नाव आहे, आणि ती कुणाला किती मिळते यावरून घरात कुणाचा मान किती ते समजतं, हे माझं निरीक्षण. सौभाग्यवतीला सगळ्यांत मोठा तुकडा मिळाला.

जेवताना मी लेकीमार्फत तातांना विचारलं, आपण खातो आहोत तो येट नेमका कुठल्या जातीचा? सपाट डोक्याचा, लांबट की फुगीर? तातांनी घास थांबवला. विचार केला. मग लेकीला काहीतरी बोलल्या आणि दोघी हसल्या.

"काय म्हणाल्या?"

"त्या म्हणतात, स्वस्तातला."

घरात पंधरा दिवस चाललेल्या चौकशीचा निकाल अखेर एका दुपारी मी लावायचं ठरवलं. सौभाग्यवतीच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली. लांबी साडेनऊ इंच. रुंदी सात. दोनदा मोजलं. खांद्याला कड नाही, म्हणजे सपाट माथ्याचा सिम्बियम सिम्बियम बाद. अंगाने इतका रुंद आणि फुगीर, म्हणजे लांबट ग्लान्स बाद; तो असता तर या लांबीला इतका सुटला नसता. टाळू झिलईखाली गाडलेली, म्हणजे गुंडीवाला ओल्ला तर नाहीच. तोंड आ वासलेलं, खालच्या टोकापासून वरपर्यंत. एकेक नाव खोडत मी यादीच्या तळाशी आलो तेव्हा एकच नाव उरलं होतं. मी पेन खाली ठेवलं. नियम नियम असतो. १७८६ साली नोंद झालेली आहे, त्यावर हरकत घ्यायला मी कोण.

मी दिवाणखान्यात गेलो. सगळे चहा घेत होते.

"निकाल लागला," मी जाहीर केलं. "सिम्बियम पेपो. शंका नाही."

"अरे वा, बाबा!" जावईबापू म्हणाले.

"पेपो म्हणजे काय होतं हो?" सौभाग्यवतीने विचारलं. "त्या दिवशी तुम्ही वाचलं होतंत. काकडीनंतर होतं काहीतरी."

"लॅटिन शब्द आहे," मी म्हणालो.

"हो, पण अर्थ?"

"फिरून येतो जरा. दाराच्या किल्ल्या कुठे आहेत?"

"असतील त्याच जागी," ती बशीत चहा ओतत म्हणाली. "भोपळ्यात."